शाळेतला वस्ताद

कुस्ती म्हटली की आपल्यापुढे तांबडी माती, हलगीचा कडकडाट आणि हौद्याच्या काठावर उभा असलेला वस्ताद येतो. शाळेच्या फळ्याशी या विद्येचे नाते आपण क्वचितच जोडतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे नाते घट्ट जुळले होते. त्याचा इतिहास पाहू लागलो की आर्ट ग्रिफिथ या शिक्षकापाशी आपल्याला थांबावेच लागते.

टल्सा शहरातील सेंट्रल हायस्कुलात ग्रिफिथ यांनी 15 वर्षे कुस्ती शिकवली. त्यांच्या संघाने शाळाशाळांमधल्या 100 सामन्यांपैकी 94 जिंकले, आणि त्यांतले 50 तर लागोपाठ. अशा सामन्यात प्रत्येक वजनगटात दोन्ही शाळांचा एकेक मुलगा उतरतो आणि सर्वांच्या कुस्त्यांची बेरीज होऊन संघ ठरतो. म्हणजे गटातल्या सर्वांत धिप्पाड पोराइतकेच मोल सर्वांत किरकोळ पोरालाही असते. एखादा जोडीचा पठ्ठा तयार करणे निराळे आणि एका शाळेतली सगळी वजने तयार करणे निराळे. ग्रिफिथ यांचे यश दुसऱ्या प्रकारचे आहे.

ओक्लाहोमाच्या कृषी व यांत्रिकी महाविद्यालयात एडवर्ड गॅलघर हे थोर गुरू होते. अभियांत्रिकी शिकलेल्या या गृहस्थांनी तरफेचे आणि तोलाचे नियम डावपेचांना लावून 11 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. 1940 साली ते वारले, आणि ती गादी हायस्कुलातल्या या शिक्षकाकडे आली. मोठ्या गुरूच्या मागे येणाऱ्याची तुलना चुकत नाही. ग्रिफिथ यांनी 1956 साली निवृत्त होईपर्यंत आणखी 8 राष्ट्रीय विजेतेपदांची भर घातली, तीही महायुद्धाच्या खंडातून वाट काढून.

तरीही त्यांचे खरे काम आम्हांस निराळेच वाटते. कुस्ती चीतपट झाली तर प्रश्नच नाही. पण झाली नाही तर? तेथील पद्धतीत, जो अधिक वेळ वरचढ राहिला त्याला विजय मिळे. त्यामुळे वर बसून घड्याळ काढणारा जिंकावा आणि खालून धडपडून सुटणाऱ्याच्या पदरी काही पडू नये, असे होई. ग्रिफिथ यांनी पाडणे, सुटणे, उलटवणे अशा प्रत्येक कृतीला गुण देण्याची पद्धत आखली, आणि 1941 साली ती रूढ झाली. चीतपटीचा मान तसाच राहिला. फक्त निकाली न ठरलेल्या कुस्तीतले श्रम मोजले जाऊ लागले.

गुण मोजल्याने मल्ल आघाडी घेऊन अंग चोरतो, हा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो आणि तो अगदीच खोटा नाही. पण ज्या पोराला आपण का हरलो हेच कळत नाही, तो उद्या सुधारणार कसा? शिक्षकाच्या दृष्टीने गुणपत्रक म्हणजे चुकांची यादीच होय.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला अमेरिकेचे कुस्तीगीर ग्रिफिथ यांच्या हाताखाली आले. हेन्री विटेनबर्ग आणि ग्लेन ब्रँड यांनी तेथे सुवर्णपदके घेतली. त्याच ऑलिंपिकमध्ये कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेले खाशाबा जाधव मातीवरून गादीवर आले आणि सहावे ठरले. चार वर्षांनी, 1952 साली, हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. पण त्या प्रवासाचे पैसे वर्गण्यांतून आणि चाहत्यांच्या पदरमोडीतून उभे करावे लागले.

खाशाबांची जिद्द कोणाहून कमी नव्हती. उणीव होती ती जिद्दीच्या पाठीशी उभ्या असलेल्या व्यवस्थेची. गावोगावी मल्ल जन्मतात, हे आपले भाग्य. ते शाळेत ओळखले जावेत, शिकवले जावेत, ही मात्र आपली जबाबदारी आहे.