लहान मुलं खाण्याच्या वस्तूंना 'रेटिंग' कशी देतात?

जेवण मागवलं की आपण अ‍ॅपवर स्टार देऊन मोकळे होतो. बिस्किट, दही, ज्यूस बनवणाऱ्या कंपन्या हेच काम माल बाजारात येण्याआधी लहान मुलांकडून करून घेतात. चव, वास, रंग, कुरकुरीतपणा हे सगळं माणसाच्या जिभेने, नाकाने, डोळ्यांनी तपासणं म्हणजे संवेदी मूल्यमापन.

मग मोठ्यांनाच विचारलं तर? चालत नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरच्या संशोधनात दिसलं की मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं. म्हणजे आईला 'बरोबर गोड' लागलेलं दूध मुलाला फिकं लागू शकतं.

खरी अडचण प्रश्न विचारण्यात आहे. या क्षेत्रातली सगळ्यात प्रसिद्ध मोजपट्टी म्हणजे 9 अंकी हेडोनिक स्केल: 'अतिशय आवडलं' ते 'अतिशय नावडलं'. ती अमेरिकन सैन्याच्या जेवणासाठी तयार झाली होती! 'थोडं आवडलं' आणि 'बऱ्यापैकी आवडलं' यातला फरक पाच वर्षांच्या पोराला काय कळणार? म्हणून 1990 च्या सुमारास 'सुपर गुड' ते 'सुपर बॅड' अशी मुलांच्या बोलीतली पट्टी आली. चेहऱ्यांची चित्रंही वापरात होतीच, पण त्यात गंमत होते. उदास चेहरा मुलांना रागावलेला वाटतो, किंवा हसरा चेहरा छान दिसतो म्हणून मूल त्यावरच बोट ठेवतं, खाऊ आवडो न आवडो. 2018 मध्ये कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी इमोजी स्केल मांडली. इमोजी मुलांना फोनमुळे आधीच माहीत असतात, हा त्यामागचा साधा विचार.

वयानुसार पद्धत बदलते. तान्ह्या बाळाचा चेहरा आणि त्याने किती खाल्लं हे बघतात. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन वाट्या देऊन 'यातलं कुठलं आवडलं?' एवढंच विचारतात. आठ-नऊच्या पुढे मोठी पट्टी जमते. नमुन्यांवर ब्रँडचं नाव नसतं, तीन आकडी कोड असतो. क्रम प्रत्येकासाठी बदलतात आणि मध्ये पाणी पाजतात. विचारणाऱ्याने 'छान आहे ना?' असं म्हटलं की चाचणी वाया गेलीच समजा, कारण मुलं समोरच्याला खूश करायला 'हो' म्हणतात.

एएसटीएम या मानक संस्थेची यासाठी ई2299 नावाची वेगळी मार्गदर्शिका आहे. पालकांची परवानगी हवी, अ‍ॅलर्जी आधी विचारायला हवी, आणि मुलाला नको असेल तर थांबायचं. त्यात कंपनीची घाई मध्ये येता कामा नये.

आपल्याकडे शाळेतल्या मध्यान्ह भोजनाच्या 2015 च्या नियमांनुसार जेवण मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठी माणसं चाखतात, त्यात किमान एक शिक्षक. ही तपासणी जेवण खाण्यालायक आहे का याची झाली. मुलांना ते आवडलं का, हे कळायला जेवणानंतर ताटात किती उरलं ते वजन करून बघावं लागतं, आणि संवेदी अभ्यासात ही पद्धतही वापरतात.