धुऊन जाणारे नाव

दुकानाचे नाव छापलेली कापडी पिशवी भेट म्हणून हाती पडली की आम्हांस अमेरिकेतील पिठाच्या गोण्या आठवतात. १८४६ साली एलिअस हौ याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे यंत्रामुळे गोणीची शिवण पक्की झाली, लाकडी पिंपे मागे पडली आणि पीठ, साखर, पशुखाद्य सुती गोण्यांत येऊ लागले. रिकाम्या गोणीतून शेतकऱ्यांच्या स्त्रिया पुसणी, अभ्रे, मुलांचे कपडे शिवीत. अडचण एकच, गिरणीची छापील मुद्रा! ती घालविण्यासाठी कापडास चरबी वा रॉकेल लावून ते रात्रभर ठेवीत.

गिरणीवाल्यांस ही फुकटची जाहिरातच होती. तरीही त्यांनी नावाचा हट्ट सोडला, आणि खरे व्यापारी शहाणपण आम्हांस येथेच दिसते. १९२५ च्या सुमारास सेंट लुईसच्या जॉर्ज पी. प्लांट मिलिंग कंपनीने ‘गिंगहॅम गर्ल’ पीठ चौकड्यांच्या रंगीत कापडात भरले. इतरांनी फुलापानांची नक्षी काढली, नाव पाण्यात सुटणाऱ्या कागदी चिठ्ठीवर आणले. नाव गेले, गिऱ्हाईक मात्र टिकले. आजच्या भेटपिशवीवरील ठसठशीत अक्षरे धुऊन जात नाहीत. तिचा अभ्रा कोण शिवणार?

एका पोशाखास एकाच नक्षीच्या साधारण तीन गोण्या लागत. म्हणून पशुखाद्य आणावयास निघालेल्या यजमानांच्या हाती नमुन्याचा तुकडा दिला जाई. (हवी ती गोणी बहुधा ढिगाच्या तळाशीच असावयाची!) मंदीत आणि दुसऱ्या महायुद्धात या कापडाने कित्येक संसार झाकले. युद्धानंतर स्वस्त कागदी पिशव्या आल्या आणि गिरण्यांनी नक्षीचा खर्च थांबविला.