आई सगळं पोटात घालते, म्हणून?

नदीला आई मानलं की माणूस तिला जपतो, असं आपण सहज म्हणतो. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

वाराणसीचे वीरभद्र मिश्र. संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठात हायड्रॉलिक्सचे प्राध्यापक! स्वतः गंगेत डुबकी मारायचे आणि त्याच पाण्याच्या तपासणीसाठी प्रयोगशाळाही चालवायचे. १९८२ मध्ये त्यांनी गंगेसाठी संस्था काढली. १९८६ मध्ये सरकारची गंगा कृती योजना आली. पंप विजेवर चालणारे. वीज गेली की सांडपाणी थेट नदीत.

पण महंतांना आणखी एक भिंत आडवी आली. 'गंगा प्रदूषित आहे' म्हटलं की भाविक चिडायचे. आईला नावं ठेवता? श्रद्धेच्या हिशेबात गंगा घाण होऊ शकते, अपवित्र नाही. लेकरांचं सगळं पोटात घालते ती आई. मग काळजी करायची कुणी? म्हणजे जे नातं जपायला लावेल असं वाटत होतं, तेच निर्धास्त करत होतं.

महंतांनी नातं नाकारलं नाही, प्रश्न फिरवला. आईच्या अंगावर मैला टाकला जातोय, तुम्हाला चालेल का? आता तोच भाविक ऐकून घ्यायचा. आई तीच, फक्त ती सोसणारी न राहता जिला जपायचं अशी झाली.

२०१७ च्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलं. तिथल्या माओरींचा लढा १९व्या शतकापासूनचा. नदीच्या वतीने बोलायला दोन जण: एक सरकारने सुचवलेला, एक माओरींनी. सोबत निधीही. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं: पुरात नुकसान झालं तर भरपाई कुणाकडे मागायची? नदी तर इतर राज्यांतूनही वाहते. जुलैत स्थगिती आली.

फरक श्रद्धेचा नव्हता. तिथे नदीच्या वतीने कोण बोलणार, पैसा कुठून येणार, हे आधी ठरलं होतं. इथे न्यायालयाने अधिकाऱ्यांना नदीचे पालक नेमलं, पण भरपाईचा प्रश्न उघडाच राहिला.

आपली गोदावरी तर दक्षिणगंगा. २०२७ मध्ये नाशिकला कुंभ आहे. आरती होईलच हो. नाले कुठे सोडलेत, हे विचारणारी लेकरं किती असतील?