तळटीप : केअर्नगॉर्म
१. केअर्नगॉर्म : स्कॉटलंडमधील याच नावाच्या पर्वतराजीत सापडणारा, मधुवर्णी ते गडद तपकिरी छटेचा धूम्रस्फटिक. डोंगरी पोशाखात खांद्यावरचे वस्त्र अडकविण्याच्या चांदीच्या पिनेत आणि मोज्यात खोवावयाच्या कट्यारीच्या मुठीत तो जडविण्याची तिकडे जुनी वहिवाट आहे. गारगोटीच्याच कुळातील या दगडाचा धुरकट रंग, सिलिकॉनच्या जागी शिरलेल्या अत्यल्प ॲल्युमिनियममुळे आणि भोवतालच्या खडकातील किरणोत्सर्गाचा संस्कार युगानुयुगे घडत गेल्यामुळे उत्पन्न होतो. म्हणूनच तो बेताने तापविला असता फिका पडत जाऊन अखेरीस पाण्यासारखा निर्मळ स्फटिक हाती राहतो. मूळ मजकुरात त्यास ‘धुरकट पुष्कराज’ म्हटले आहे, ते जवाहिऱ्यांच्या बाजारी परिपाठास धरून असले तरी सर्वथा गैर होय. कारण खऱ्या पुष्कराजाचे काठिण्य ८ व विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.५, तर याचे अनुक्रमे ७ व २.६५, आणि एवढी तफावत सारख्या आकाराचे दोन खडे तळहातावर तोलूनही जाणत्यास उमगावी. जवळजवळ काळ्या, अपारदर्शक प्रकारास मोरिऑन म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये टीफेन हिमनदीपाशी १८६८ साली एका पोकळीत सापडलेले अजस्र धूम्रस्फटिक बर्नच्या संग्रहालयात आहेत. —संपादक