जबडा पुढे, मोजमाप मागाहून

झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला दंतवैद्याकडे पाठवले, की ती नवी टूम वाटते. प्रत्यक्षात या आजाराचे, स्लीप अ‍ॅप्नियाचे, निदान अलीकडचे आणि जबडा पुढे धरण्याचा उपाय त्याहून जुना आहे. क्लोरोफॉर्मच्या काळात भूल दिलेल्या रुग्णाची जीभ मागे पडून घसा बंद होई. त्यावरची तोड नॉर्वेचे शल्यचिकित्सक याकोब हायबर्ग यांनी १८७४ मध्ये लिहून ठेवली: कानाखाली, जबड्याच्या कोनामागे बोटे लावून खालचा जबडा पुढे सारायचा. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असल्याने जबड्यामागोमाग जीभही पुढे येते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसचे मुखरोगतज्ज्ञ प्येर रोबँ यांनी जबडा पुढे धरण्याचे काम 'मोनोब्लॉक' या तोंडात बसवायच्या उपकरणावर सोपवले. लहान जबड्याच्या बाळांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो, हे त्यांनी १९२३ मध्ये मांडले.

रोबँ यांना स्लीप अ‍ॅप्नियाचे वैद्य ठरवणे म्हणजे आजचे ज्ञान काल पेरणे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. त्यांच्यासमोर बाळे होती, घोरणारे प्रौढ नव्हते. पण उणीव कल्पनेची नव्हती, मोजणीची होती. झोपेतला श्वास आणि मेंदूच्या लहरी एकत्र नोंदवून १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी आजार उघड केला, तेव्हा कुठे उपाय पारखता येऊ लागले. सुरुवातीचा खात्रीचा इलाज गळ्याला छेद देण्याचा होता. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप आणले. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८२ मध्ये सहकाऱ्यासह जीभ पुढे धरणारे उपकरण मांडले. १९८४ मध्ये त्यांनी उताणे आणि कुशीवर झोपल्यावरचे श्वासरोध वेगळे मोजले. उताणे झोपल्यावर ते किमान दुप्पट होत असतील तर आजार स्थितीवर अवलंबून, ही त्यांची कसोटी आजही वापरात आहे. घोरणाऱ्याला 'कुशीवर वळ' म्हणणाऱ्या घरगुती सल्ल्याला अशी आकड्यांची साथ मिळाली. पायजम्याच्या सदऱ्याला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची युक्तीही मग दवाखान्यात पोचली.

सीपॅप अधिक प्रभावी असताना जबड्याचे उपकरण किंवा चेंडू कशाला, असे कोणी विचारेल. श्वासरोध कमी करण्यात सीपॅप सरस आहेच. मात्र सिडनीतील २०१३ च्या तुलनात्मक अभ्यासात रुग्णांनी जबड्याचे उपकरण रोज अधिक तास वापरले आणि महिन्याअखेर दोन्ही उपचारांचा आरोग्यावरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. उशाशी पडून राहिलेले यंत्र काही श्वास देत नाही. अर्थात उपकरणाने दात सरकतात, चाव बदलतो. चेंडू तर बरेच जण सोडून देतात. म्हणून उपकरण घालून पुन्हा झोपेची तपासणी करायलाच हवी. घोरणे थांबले म्हणजे श्वास मोकळा झाला असे नाही. मोजणीविना दिलेले उपकरण कितीही नवे असले, तरी उपचार १९६५ पूर्वीचाच राहतो.