पेटीतून आलेले वाचनालय

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९०६ साली बडोदे संस्थानभर लागू झाला, तरी शाळेचे वय ओलांडलेला शेतकरी, पडद्याआडची स्त्री आणि कसब्यापासून दूर राहणारी रयत यांच्यापर्यंत ग्रंथ कसा पोहोचावा, हा प्रश्न उरलाच होता. त्याच्या उत्तरासाठी श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले.

पुढे जी व्यवस्था उभी राहिली, तिच्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती फिरत्या वाचनालयाची लाकडी पेटी; तिच्यात पंधरा ते तीस पुस्तके मावत, वाहतुकीचा खर्च सरकार सोशी, आणि वाचकानेच ग्रंथापाशी चालत यावे ही जुनी अट त्या पेटीने मोडून काढली. बडोदे शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांची व मुलांची स्वतंत्र सोय झाली. ज्यांना अक्षरओळखच नव्हती, त्यांच्याकरिता दृश्यशिक्षणाची शाखा निघाली. तेथील स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांना डोळे लावले, की कार्डावरची जुळी छायाचित्रे एकवटत आणि सपाट चित्राला खोली येई. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा हक्कदार आहे, हे मान्य करणारी ही रचना मला थोर वाटते. मात्र त्या भिंगांत दृष्टिहीनासाठी काहीच नव्हते, ही उणीव मनाला खुपते.

तळापर्यंत पोहोचण्याची ही दृष्टी मला इमारतीतही दिसते: मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड तिच्यातून झिरपून खालच्या पुस्तकांवर उतरतो.