'इकडे येऊ नका' सांगणारा दिवा

रात्री गच्चीवर उभं राहिलं की दूरच्या मनोऱ्यावर एक लाल दिवा लुकलुकताना दिसतो. लहानपणी आम्हाला तो वाट चुकून खाली उतरलेला तारा वाटायचा. बाकीचे दिवे 'या' म्हणतात. हा एकटाच 'इकडे येऊ नका' म्हणतो.

सुरुवातीला मात्र वैमानिकाला बोलावणारेच दिवे होते. फेब्रुवारी १९२१मध्ये अमेरिकेत जॅक नाइट हा वैमानिक रात्रभर टपालाचं विमान घेऊन शिकागोपर्यंत गेला, तेव्हा वाटेतल्या गावकऱ्यांनी त्याच्यासाठी शेकोट्या पेटवल्या होत्या. आपल्याकडे १९४९मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत.

विमानं वाढली, तशा इमारतीही उंच झाल्या. २८ जुलै १९४५च्या सकाळी न्यूयॉर्कवर दाट धुकं होतं. एम्पायर स्टेट इमारतीचं टोक दिसत नाही, असं विमानतळावरून सांगितलं गेलं होतं. तरीही लष्कराचं बी-२५ विमान ७९व्या मजल्याच्या आसपास आदळलं. १४ माणसं गेली. धुक्यात दिवाही मुका होतो. म्हणून विमानतळाभोवती किती उंच बांधायचं, यालाही मर्यादा हवी, हे या घटनेवरून उमगतं.

१९४४च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. विमानतळांविषयीचं तिचं चौदावं परिशिष्ट १९५१चं. दिवा कुठे लावायचा, कोणत्या रंगाचा, मिनिटाला किती वेळा लुकलुकायचा, हे सारं त्यात येतं. अतिउंच बांधकामावरचा पांढरा दिवा दिवसा दोन लाख कँडेला तेजाचा असतो. रात्री तो दोन हजारांवर आणतात. नाहीतर सावध करणारा दिवाच वैमानिकाचे डोळे दिपवायचा! आपल्याकडच्या १९३७च्या विमान नियमांनी तर वैमानिकाची दिशाभूल करणाऱ्या फसव्या दिव्यांनाही बंदी घातली.

पण माणसाला वाचवणारा दिवा पाखरांना भोवला. ढगाळ रात्री स्थलांतर करणारे पक्षी मनोऱ्यांवरच्या स्थिर लाल दिव्यांभोवती घिरट्या घालतात आणि ताणाच्या तारांवर आपटून मरतात. स्थिर दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले, तर पुष्कळ पक्षी वाचतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलं. २०१५मध्ये तिथले नियम त्याप्रमाणे बदलले. क्षणभराच्या अंधाराने पाखराला सुटायला वाट मिळाली.

नियम कागदावर असतात, दिवा मात्र रोज कुणीतरी पाहावा लागतो. तो विझला तर खालच्या माणसाचं काहीच अडत नाही. अडतं ते वरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचं. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याच्यासाठी दिवा जळता ठेवायचा, एवढीच या साऱ्या कलमांची गोष्ट आहे. आज रात्री तो लाल दिवा दिसला, तर क्षणभर थांबून पाहा.